मिठाचा मान

भगवंत नाना सकाळपासून दुपारपर्यंत एक शब्द बोलले नाहीत, असं मला कुणी सांगितलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं. एकतीस वर्षं हायस्कुलात शिपाई होते ते. घंटा त्यांच्याच हातात होती, पण खरं सांगू का, घंटेची गरजच नव्हती. "ए, शर्ट खोच!" म्हणून ओरडले की सातवीच्या वर्गापासून थेट पंचायतीच्या कट्ट्यापर्यंत सगळे आपापला शर्ट चाचपायचे. पंचायतीच्या कट्ट्यावरची माणसं पन्नाशीची. त्यांनीही चाचपायचं.

आमचं गाव गारमाथा. जुन्नरकडच्या आणे पठारावर आहे, पाणी कमी आणि वारा भरपूर. चैत्री पौर्णिमेला भैरवनाथाची यात्रा असते, आणि यात्रेला आमटी-भाकरी. भाकरी घरोघरच्या टोपल्यांतून येते, आमटी देवळामागं आठ कढयांत शिजते. दहा-बारा हजार माणूस जेवून जातं. ती आमटी नाना करायचे. स्वयंपाकी म्हणून नाही हं, स्वयंपाकाचं त्यांना काही कौतुक नव्हतं. घरी चहासुद्धा करपवायचे, त्यांच्या घरच्या काकूच सांगायच्या. त्यांना आमटीच्या निमित्तानं पोरं गोळा करायची असायची.

मला कसं गोळा केलं ते सांगते. नववीत होते. मागच्या बाकावरच्या एकानं माझी वेणी ओढली आणि मी त्याचा पुढचा दात पाडला. एकच पाडला, पण बोभाटा असा झाला जसं काही सगळा जबडाच काढून हातात दिलंय. मुख्याध्यापकांनी घरच्यांना बोलावलं. आई रडायला लागली, अप्पा म्हणाले, हिला शाळेतून काढून लग्न लावून टाकतो. दारात नाना उभे. कुणी विचारलं नव्हतं तरी आत आले आणि म्हणाले, "सर, ही पोरगी माझ्याकडं द्या. यात्रेला पाणी वाढंल. हातात लई जोर हाय, वाया कशाला घालवता?"

तीन वर्षं मी फक्त पाणी वाढलं. नानांचा नियमच होता तसा. पहिल्यांदा पाणी, मग सरपण, मग चिरणं-निवडणं, मग ढवळणं, आणि सगळ्यात शेवटी मीठ. मीठ घालायचा मान ज्याला मिळाला तो पोरगा किंवा पोरगी नानांच्या लेखी माणसात आली. मी कुरकुरले होते, की ताई-भाऊ म्हणून लोक पाण्याला हाक मारतात आणि तोंडाकडं बघतसुद्धा नाहीत. नाना म्हणाले, "त्येंनी नगं बघू. तू बघ. पाणी वाढणाऱ्यालाच कळतं कोण पोटभर जेवलं आन् कोण लाजून उठलं."

आणि पोरं एकदा चुलीपाशी आली की नाना त्यांना सोडायचे थोडेच! ग्रामसभेला आम्हाला चटईवर पुढं बसवायचे. मी पहिल्यांदा उठून रस्त्याच्या दिव्यांचं विचारलं तेव्हा मागून कुणीतरी म्हणालं, ही कुणाची रं? नाना मागच्या भिंतीपासून ओरडले, "गावाची हाय!" त्या दिवशी मी दिवे सोडून सगळं विसरले, पण खाली बसले नाही. कोरोनात म्हाताऱ्यांना मोटरसायकलवर बसवून लसीला नेणारी पोरं कोण होती? आमटीचीच. टाकीत उतरून गाळ काढणारी? तीच. नाना नुसते कडेला उभे राहून शिव्या घालायचे. शिव्या म्हणजे घाण नाही, पण अशा की ऐकणाऱ्याला आपोआप खराटा हातात घ्यावासा वाटायचा.

तेवीस सालच्या यात्रेआधी नानांच्या गुडघ्यांनी दगा दिला. जुन्नरच्या डॉक्टरांनी बजावलं, तास तास उभं राहायचं नाही, चुलीच्या धगीला तर अजिबात नाही. यात्रा कमिटीचे अध्यक्ष बाळासाहेब. माणूस वाईट नाही, पण काळजीखोर. मुलाच्या लग्नात मांडव पडेल म्हणून मांडवाखाली चार टेकू जास्तीचे लावलेला माणूस. त्यांनी देवळात बैठक घेतली आणि सरळ म्हणाले, "नाना, तुमच्याकडून आता व्हायचं न्हाई. एक केटरर बघितलाय. त्याची माणसं, त्याची भांडी. आपण हात जोडून उभं राहायचं."

"पोरं करतील," नाना म्हणाले.

"पोरं म्हंजे तुमीच की. तुमी लांबून बोंबलणार, पोरं हात हालवणार. उद्या तुमी न्हाई राहिलात तर? दहा हजार माणूस उपाशी परतलं तर गावाची काय अब्रू राहील, राव?"

नानांना राग आला. नानांना राग आला की ते आधी टोपी काढायचे. टोपी काढली, मांडीवर ठेवली आणि म्हणाले, "मी एक शबूद बोलणार न्हाई. चूल पेटल्यापासून निवद दाखवंपर्यंत. बोललो तर, न्हाईतर आमटी बिघडली तर, केटररला द्या. कायमचं."

देऊळभर हशा पिकला. नाना आणि गप्प! कुणी तर म्हणालं, केटररला ॲडव्हान्स देऊनच टाका. मी मात्र हसले नाही. त्या साली आठ कढयांची जबाबदारी माझ्यावर येणार होती. कायमचं म्हणाले होते नाना. म्हणजे आमचं चुकलं तर पुढं गारमाथ्याच्या पोरांनी यात्रेला फक्त जेवायला यायचं. नववीतली माझ्यासारखी एखादी भांडखोर पोरगी आली तर तिला कुठं पाठवणार होते? केटररकडं?

यात्रेच्या दिवशी तांबडं फुटताना चुली पेटल्या. नाना लिंबाखाली खुर्चीत बसले, बाजूला बाळासाहेबांनी आपली खुर्ची टाकली, पहारा म्हणून. आम्ही तिघं मुख्य. मी, म्हणजे साधना. तेव्हा नुकतंच फाट्यावर ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान टाकलं होतं. दुसरी उजमा, चांदभाई कल्हईवाल्यांची मुलगी. आमच्या आठही कढयांना कल्हई तिच्या घरची, आणि कुठल्या कढईचं बूड कुठं पातळ आहे ते तिला पाठ. तिसरा संयम, गावातल्या किराणा दुकानदार माणिकचंदशेठचा नातू. डाळ, मसाला, मीठ हे सगळं मोजून-मापून त्याच्या ताब्यात. बाकी तीसेक पोरंपोरी, पाण्यापासून ढवळण्यापर्यंत.

आठ चुली एका ओळीत. आठ कढया, आणि आठ डबे मिठाचे, एका कढईला एक. मीठ घालायचं काम मी आणि संयम दोघांत वाटून घेतलं होतं, पहिल्या चार त्याच्या, पुढच्या चार माझ्या.

आता एक गोष्ट ध्यानात घ्या, कारण पुढचा सगळा घोळ तिच्यावरच उभा आहे. आमच्याकडं देवाला निवद दाखवल्याशिवाय आमटी कुणी चाखत नाही. एक थेंब नाही. बोट बुडवून नाही, वास बघून 'जराशी' नाही. म्हणूनच मीठ मोजून डब्यात भरायचं आणि डबा नजर चुकू न देता घालायचा. मिठाला मान होता तो उगीच नव्हता.

नऊ वाजेपर्यंत सगळं झकास. उजमाचा रोजा होता, रमजान चाललेला. बाई पाण्याचा घोट न घेता धगीपुढं उभी, आणि आम्हाला चहा पिताना बघून वर चिडवत होती, "प्या प्या, अशक्त लोकांनी प्यावंच." तिचा चेहरा लालबुंद झाला तसे नाना उठले, आपली खुर्ची ओढत सावलीत तिच्यामागं नेऊन ठेवली आणि स्वतः दगडावर टेकले. बाळासाहेब लगेच उभे राहिले, "नाना! ही सूचना झाली!"

"खुर्ची कधीपासून बोलायला लागली?" मी तिथूनच ओरडले. "बसा खाली, बाळासाहेब. तोंड मिटायचं ठरलंय, माणुसकी मिटायची न्हाई." लोक हसले, बाळासाहेबही ओशाळून हसले. उजमा मात्र बसली नाही. पाच मिनिटं खुर्चीच्या पाठीला धरून उभी राहिली आणि परत कामाला लागली.

दहाच्या सुमाराला तिसऱ्या चुलीचा दगड फुटला. ओढ्यातला दगड असावा, आत ओल धरलेला. फाटकन आवाज झाला आणि कढई एका अंगाला कलली. पोरांनी कड्यांतून वासे घालून कढई उचलली, कुणी आरडाओरडा केला नाही, आणि ओळीच्या पार शेवटी एक चूल जादा मांडून ठेवली होती तिच्यावर नेऊन ठेवली. थेंब सांडला नाही. मला तर इतकं भरून आलं! नानांकडं बघितलं, त्यांनी दगडावरच मांडीवर थाप मारली. थाप मारायला बंदी नव्हती.

त्या वेळी संयम तिथं नव्हता. मिठाचे डबे आणायला गेला होता.

तो आला, मी आले, दोघांनी डबे उचलले. धूर इतका की शेजारचा माणूस दिसत नव्हता. मी पाच, सहा, सात, आठ या माझ्या कढयांत मीठ घातलं, डोळे पुसत बाहेर आले आणि सहज विचारलं, "तिसरी शेवटाला हलवलीय, तिच्यात घातलंस ना?"

संयमच्या हातात चार रिकामे डबे. तोंड उघडं.

"हलवली?"

"दगड फुटला ना! तू कुठं घातलंस?"

"ओळीनं घातलं मी. एक, दोन, तीन, चार..." त्यानं बोटानं दाखवलं. बोट पाचव्या कढईवर थांबलं. मग तो म्हणाला, "थांब, थांब. शेवटाला पण गेलो व्हतो मी एकदा. तिथं घातलं का? धुरात काय दिसंना, साधना. मला खरंच आठवत न्हाई."

झालं. पाचवीत मी मीठ घातलेलं. त्यानंही घातलं असेल तर ती खारट ढाण, आणि हलवलेली तिसरी पार अळणी. घातलं नसेल तर सगळं ठीक. आणि कळायचं कसं? चाखायची सोय नाही. अकराला दहा मिनिटं कमी, बाराला निवद.

"हळूच एक बोट?" पाठीमागून एक जण पुटपुटला.

मनातलं सांगते, माझंही बोट शिवशिवलं. धूर होता, कुणाला दिसलं नसतं. उजमा म्हणाली, "मी चाखली असती गं, म्हटलं असतं पाप माझ्या नावावर. पण माझा रोजा." संयम कपाळाला हात लावून म्हणाला, "आणि माझा आयंबिलाचा उपास चाललाय. आठ दिवस मीठमसाला जिभेला लावलेला न्हाई." इतक्या वाईट वेळेलासुद्धा मला हसू फुटलं. एवढ्या मोठ्या यात्रेत आमच्या तिघांइतकी निरुपयोगी जीभ दुसऱ्या कुणाकडं नव्हती! मग मात्र हसू आवरलं आणि मी म्हणाले, "कुणीच चाखायचं न्हाई. चोरून वाचवलेली आमटी दहा हजार माणसांना वाढायची, आणि नानांच्या डोळ्यात बघायचं? मला न्हाई जमणार."

बाळासाहेब आलेच तोवर. "काय झालं?"

लपवता आलं असतं. मी म्हणाले, "मिठाचा घोळ झालाय. एका कढईत दोनदा पडलं असंल, एका कढईत पडलंच नसंल. बघतोय आमी."

बाळासाहेबांचा चेहरा पडला. चिडले असते तर बरं झालं असतं. ते घाबरले होते. नानांकडं वळून म्हणाले, "नाना, सोडा आता ती पैज. पोरांना सांगा काय करायचं ते. मी बी समजून घीन."

सगळी पोरं नानांकडं बघायला लागली. मीसुद्धा. बघायला नको होतं, पण बघितलं. नाना दगडावर ताठ बसलेले, दोन्ही हात गुडघ्यांवर, गळ्याची शीर ताणलेली. बोलावंसं त्यांना किती वाटत असेल! त्यांनी माझ्याकडं बघितलं. मग टोपी काढली आणि मला वाटलं, आता बोलणार, संपलं. पण त्यांनी टोपीनं तोंडावरचा घाम पुसला, परत डोक्यावर घातली आणि ओठ घट्ट मिटून घेतले.

मला इतका राग आला त्यांचा! आणि त्या रागातच डोकं चालायला लागलं. मी उजमाला म्हणाले, "आपल्याला कशाला कळायला पायजे, कोणती खारट आन् कोणती अळणी?"

"म्हणजे?"

"दोन कढया, दोन डबे मीठ. एकीत दोन असू दे न्हाईतर दोन्हीत एकेक, बेरीज तीच ना? मग दोन्ही एक करून टाकू."

संयम उडालाच. "अर्धी इकडं, अर्धी तिकडं!"

"नुसतं अर्धी म्हणून न्हाई चालत," उजमा म्हणाली. ती लगेच कामावर आली. "दोन पिंपं धुऊन घ्या, कडकडीत पाण्यानं. दहा बादल्या, म्हणजे बरोबर अर्धी कढई, पाचवीतून पिंपात. मग दहा तिसरीतून पाचवीत. मग पिंपातल्या तिसरीत. आणि बूड घासून ढवळायचं, मीठ खाली बसतं."

पुढचा अर्धा तास मी जन्मात विसरणार नाही. पाण्याची पोरं, सरपणाची पोरं, भाकरीच्या टोपल्या मोजणाऱ्या पोरी, सगळी दोन रांगा करून उभी राहिली. वाफाळत्या बादल्या हातोहात चाललेल्या. कुणीतरी "भैरवनाथाच्या नावानं..." ओरडलं आणि सगळ्या रांगेनं "चांगभलं!" केलं, आणि मग प्रत्येक बादलीला चांगभलं. दर्शनाच्या रांगेतले लोक वळून वळून बघत होते, त्यांना वाटलं हा यात्रेचाच काही कार्यक्रम आहे. एक आजी तर हात जोडून उभी राहिली! संयमचे हात पोळले तरी तो हटेना. उजमा दोन्ही कढयांच्या मध्ये उभी राहून आकडे म्हणत होती, सात, आठ, नऊ. ओठ सुकलेले, आवाज खणखणीत. आणि बाळासाहेब? तेही धोतर खोचून रांगेत शिरले. कुणी बोलावलं नव्हतं. त्यांच्या हातून एक बादली हिंदकळली तर सातवीतली एक पोरगी म्हणाली, "काका, नीट धरा की!" आणि त्यांनी नीट धरली.

पावणेबाराला शेवटची बादली पडली. बाराच्या ठोक्याला आठही कढयांतून एकेक पळी घेऊन निवद देवळात गेला. घंटा वाजली.

बाळासाहेबांनी स्वतः दोन द्रोण घेतले, एकात पाचवीची, एकात शेवटच्या चुलीवरची. आम्ही सगळे भोवती गोळा. त्यांनी एक द्रोण तोंडाला लावला. मग दुसरा. मग परत पहिला. मग तिथंच फतकल मारून बसले आणि म्हणाले, "एक भाकरी आणा रे कुणीतरी." भाकर चुरून दोन्ही द्रोण पुसून खाल्ले, बोटं चाटली आणि मगच तोंड उघडलं, "पुढच्या साली दोन पायली डाळ वाढवा. माणूस वाढणार बघा."

पुढच्या साली! म्हणाले ते, अगदी सहज. संयमनं मला मिठी मारली, मग लाजून सोडली. उजमा मटकन खाली बसली आणि हसत हसत रडायला लागली. पोरांनी जे काय "चांगभलं" केलं ते खाली आळेफाट्यापर्यंत गेलं असेल. मी धावत नानांकडं गेले. निवद झाला होता, तोंड उघडायला आता मोकळे होते ते. मला वाटलं, शिव्या बसणार. दगड आधी ठोकून बघितले नाहीत, संयमला निरोप दिला नाही, चूक माझी होतीच. मी म्हणाले, "नाना, आता तरी बोला. तुमाला माहीत व्हतं ना काय करायचं ते? म्हणून एवढे निवांत बसलात."

"निवांत?" नाना म्हणाले. आवाज फुटेना त्यांचा, पाच-सहा तास वापरला नव्हता. "पोरी, मी आतनं वल्ला झालो व्हतो. मला काय सुचत व्हतं सांगू? दोनी कढया ओतून द्या आन् सहांवर भागवा. बोललो असतो तर तेच बोललो असतो. हे एक करायचं मला जन्मात सुचलं नसतं."

आणि रडले. माझ्यासमोर, पोरांसमोर, टोपीनं डोळे पुसत. मीही रडले, मग म्हटलं, "उठा, पंगत बसतीय, लोक खोळंबलेत."

नाना उठले. मला वाटलं वाढायला येतील, कारण यात्रेच्या दिवशी नाना पंगतीत जेवलेले कुणी बघितलेच नव्हते. शेवटची पंगत उठली की कढईशी उभ्या उभ्याच दोन घास खायचे, चाळीस वर्षं तेच. पण ते वाढप्यांच्या बाजूला आले नाहीत. गुडघे धरत धरत पहिल्या पंगतीकडं गेले, दोन परगावच्या पोरांच्या मध्ये जागा बघून मांडी घातली आणि पत्रावळीवर पाणी शिंपडलं.

मी आमटीची बादली घेतली. ओळीनं वाढत त्यांच्यापाशी आले, आणि पळी बादलीत तशीच धरून उभी राहिले. नानांनी वर बघितलं.

"थांबलीस काय?" ते ओरडले, आणि अख्ख्या पंगतीनं दचकून बघितलं. "वाढ की, लई भूक लागलीय."